युगांडात पाळकांना शिकवायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेतल्या मंडळ्यांच्या पुढाऱ्यांना शिकवण्यासाठी आठ-दहा दिवसांचा दौरा करावा, असं अलीकडे आपल्याकडच्या मंडळ्यांतही बोललं जातं. आफ्रिका म्हणजे पन्नासहून जास्त देश, त्यामुळे सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर देता येत नाही. इथली उत्तरं युगांडातल्या प्रोटेस्टंट मंडळ्या डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. केनिया आणि टांझानियाला त्यातलं बरंच लागू पडतं.

पाच दिवसांत शिकवून काय होणार?

पाच दिवसांत कुणी पाळक होत नाही. पण एक कौशल्य हातात येऊ शकतं: शास्त्रातला एक उतारा नीट वाचायचा, त्यातला मुद्दा शोधायचा आणि तोच मुद्दा वीस मिनिटांत सांगायचा. त्यासाठी एकच लहान पुस्तक घ्या. तीताला पत्र तीन अध्यायांचं आहे, योना चार अध्यायांचा. पहिल्या फेरीला तेवढं पुष्कळ आहे. संपूर्ण जुना करार, मंडळीचा इतिहास, समुपदेशन आणि नेतृत्व एकाच आठवड्यात कोंबलं, तर शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या वह्या भरलेल्या असतात आणि पुढच्या रविवारी उपदेश मात्र जुनाच होतो.

एकदाच जाणार असाल तर खरं सांगायचं, तिकिटाचे पैसे तिथल्याच एखाद्या अनुभवी शिक्षकाला गावोगाव फिरायला द्या. त्याच गटाकडे तीन वर्षं, वर्षातून दोनदा जायची तयारी असेल, तरच दौऱ्याला अर्थ आहे.

समोर बसलेले लोक कोण असतात?

चर्च ऑफ युगांडा ही अँग्लिकन मंडळी. तिथे एका दीक्षित पाळकाकडे बरीच गावं असतात आणि बहुतेक रविवारी गावातल्या देवळात उभा राहतो तो ले-रीडर, म्हणजे दीक्षा न घेतलेला, उपासना चालवणारा गावकरी. तो शेतकरी असतो, कधी प्राथमिक शिक्षक, आणि मानधन नावापुरतं. आमंत्रण देताना बिशपांच्या कचेरीतून दीक्षित पाळकांची यादी येते, पण शिकायची खरी गरज ले-रीडरना असते. तेव्हा दोघांनाही बोलवा, असं आधीच सांगून ठेवा.

पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्यांचं चित्र वेगळं. तिथे पाळकानेच मंडळी उभी केलेली असते, शिक्षणाची अट नसते आणि त्याच्या वर कुणी नसतं. हे लोक शिकायला फार उत्सुक असतात. अडचण एवढीच की ‘तुम्ही चुकलात’ असं त्यांना सांगणारं माणूस गावात नसतं. म्हणून शेजारच्या चार-पाच मंडळ्यांचे पाळक एका गटात बसवायचे, म्हणजे तुम्ही परतल्यावरही ते एकमेकांना विचारत राहतात.

एका वर्गात २५ ते ३५ जण पुरेत. पन्नासच्या वर गेलं की वर्गाची सभा होते आणि सभेत कुणी शंका विचारत नाही.

फेसबुकवर एका पाळकाने बोलावलं आहे. जावं का?

नुसत्या तेवढ्यावर नको. मंडळीच्या नोंदणीचा कागद मागा. त्या भागातले बिशप किंवा पाळकांच्या स्थानिक संघाचं पत्र मागा. पूर्वी तिथे जाऊन आलेल्या एकाशी तरी स्वतः फोनवर बोला. हॉल, जेवण, गाड्या यांचा अंदाजे खर्च लिहून मागवा. ‘आधी पैसे पाठवा, मग तारीख ठरवू’ असं उत्तर आलं किंवा पैसे कुणाच्या खाजगी मोबाइल नंबरवर मागितले, तर तिथेच थांबा. खऱ्या यजमानाला या चौकशीचा राग येत नाही.

कोणत्या महिन्यात जावं?

दक्षिण आणि मध्य युगांडात पाऊस वर्षातून दोनदा: साधारण मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर. उत्तरेत एकच लांब हंगाम, एप्रिल ते ऑक्टोबरच्या आसपास. पेरणीच्या आठवड्यात शेतकरी पाळक येणार नाहीत, आले तरी मन शेतात असणार. आतले रस्ते मातीचे. तिथे त्यांना ‘मरम’ म्हणतात, आपल्या कानाला मुरूमच ऐकू येतो. ही लाल माती भिजली की चारचाकीसुद्धा आडवी होते आणि पाळक तर बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, येणार असतात.

वर्ग बहुधा शाळेत भरतो, म्हणून शाळेची सुट्टी बघावी लागते. सत्र सुरू होण्याचा आठवडा टाळा, कारण तेव्हा घरोघरी मुलांच्या फीची ओढाताण चालू असते. ३ जूनला नामुगोंगो इथे युगांडाच्या ख्रिस्ती हुतात्म्यांच्या स्मरणदिनी लाखो लोक जमतात. त्या आठवड्यात गाड्या आणि पुढारी, दोन्ही मिळत नाहीत. तारीख यजमानाला ठरवू द्या. तुमच्या रजेप्रमाणे ती ठरली की गडबड होणार हे नक्की.

व्हिसा कोणता काढायचा?

अर्ज ऑनलाइन होतो आणि पिवळ्या तापाचं सर्टिफिकेट अर्जासोबतच जोडावं लागतं. म्हणजे आधी लस, मग व्हिसा. बरेच जण नेमकं उलटं करतात आणि घाईत सापडतात.

पर्यटक व्हिसावर वर्ग घेणं चालतं का, हा प्रश्न यजमान मंडळीने इमिग्रेशन कार्यालयाला विचारायचा आहे आणि दौऱ्याच्या निदान दोन महिने आधी. लागेल तो परवाना त्यांच्याच पत्रावर निघतो. विमानतळावर कामाबद्दल खोटं सांगू नका. एकाच्या खोट्यापायी पुढची पाच वर्षं यजमानाच्या पाहुण्यांकडे संशयाने पाहिलं जातं.

पिवळ्या तापाची लस कुठे मिळते?

कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमून दिलेली केंद्रंच चालतात. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि गोव्यात मुरगाव बंदराची आरोग्य संघटना ही त्यांपैकी. आधी वेळ घ्यावी लागते. पासपोर्ट सोबत न्या, कारण त्याचा नंबर सर्टिफिकेटवर चढतो. घेतल्यापासून दहा दिवसांनी ती ग्राह्य धरली जाते. ११ जुलै २०१६ पासून एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते, त्यामुळे जुनं पिवळं कार्ड घरात असेल तर शोधा. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी, गरोदर बायकांनी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी आणि साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

हे कार्ड परतताना जास्त महत्त्वाचं ठरतं. ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात आणि तिथे कुणाची ओळख चालत नाही. कार्ड हातातल्या बॅगेतच ठेवा.

आपल्याकडेही मलेरिया असतो. मग गोळ्या कशाला?

कारण तिथला बहुतेक मलेरिया फाल्सिपॅरम जातीचा, मेंदूपर्यंत जाणारा. लहानपणी मलेरिया झाला होता म्हणून आता होणार नाही, हा गैरसमज आहे. डॉक्टर सहसा दोनपैकी एक गोळी देतात. डॉक्सिसायक्लिन निघण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर चार आठवडे रोज घ्यायची असते. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल महाग पडते, पण परतल्यावर सातच दिवस लागते. चूक होते ती शेवटी: घरी आल्यावर बरं वाटतं म्हणून लोक गोळ्या सोडून देतात. डॉक्सिसायक्लिन भरल्या पोटी आणि भरपूर पाण्यासोबत घ्या, नाहीतर छातीत जळजळतं. मच्छरदाणी आणि लांब बाह्यांचे कपडे गोळ्या घेत असलात तरी लागतातच.

कबालेसारख्या डोंगराळ भागात, सुमारे २,००० मीटरवर, रात्री स्वेटर लागतो. ‘आफ्रिका म्हणजे ऊन’ असं समजून आलेले पाहुणे तिथे कुडकुडत बसतात.

वर्ग किती वाजता सुरू होतो?

हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. लुगांडा आणि स्वाहिली बोलणारे तास उजाडल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, नऊ म्हणजे तिसरा, दुपारचे बारा म्हणजे सहावा. लुगांडात कुणी ‘सावा सतु’ म्हणालं तर शब्दशः तीन वाजता, पण अर्थ सकाळी नऊ. दुभाष्याने घाईत ‘थ्री ओ’क्लॉक’ म्हणून टाकलं की अर्धा वर्ग दुपारी उगवतो. म्हणून फळ्यावर सूर्य काढून त्याखाली वेळ लिहायची. मार्ककृत शुभवर्तमानातला ‘तिसरा तास’ मात्र या लोकांना समजावून सांगावा लागत नाही. तो आपल्यालाच सांगावा लागतो.

पहिल्या दिवशी लोक अकरापर्यंत येत राहतील. लांबून पायी आलेल्याला उशिरावरून बोलू नका, पहिला दिवस ओळख आणि उजळणीसाठी ठेवा.

दुभाष्याबरोबर काम कसं करायचं?

सगळा दौरा या माणसावर उभा असतो आणि नेमकं त्याचंच नाव शेवटच्या क्षणी ठरतं. दोन दुभाषे घ्या. चाळीस मिनिटांनी एकाची जीभ जड होते, मग तो तुमची तीन वाक्यं एका वाक्यात उरकतो. मजकूर आठवडाभर आधी त्यांच्या हातात पडू द्या. दीड तासाच्या सत्रात प्रत्यक्ष मजकूर फक्त चाळीस मिनिटांचा बसतो, बाकी वेळ भाषांतराला जातो. तयारी त्याच हिशेबाने करा.

वाक्य पूर्ण करा, मग थांबा. अर्ध्या वाक्यावर थांबलात तर बिचाऱ्याला क्रियापदच सापडत नाही. एकाच अक्षराने सुरू होणारे पाच इंग्रजी मुद्दे पलीकडे पोचत नाहीत, यमक आणि कोट्यांचंही तेच. ‘मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ असा’ हे तर चौथ्या भाषेत जाईपर्यंत वाफ होऊन जातं. उतारा तुम्ही इंग्रजीत वाचू नका. वर्गातल्याच कुणाला त्याच्या भाषेच्या बायबलमधून वाचायला सांगा. लुगांडात संपूर्ण बायबल १८९६ पासून आहे, पूर्वेला तेसो किंवा उत्तरेला अचोली भागात त्यांच्या भाषेतलं.

क्रिकेटचे दाखले विसरा. फुटबॉल चालतो, त्यातही इंग्लिश प्रीमियर लीग. शेळ्या, केळीची बाग, लांबलेला पाऊस हे सगळं चालतं.

तिथल्या इंग्रजीचीही ओळख करून घ्या. ‘आय ॲम कमिंग’ म्हणून माणूस बाहेर जाईल, त्याचा अर्थ ‘आलोच’. ‘यू आर लॉस्ट’ म्हणजे ‘बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत’. काहीही न करता कुणी ‘वेल डन’ म्हणालं तर तो नमस्कार समजावा.

कोणते विषय टाळू नयेत?

पैसा, आजार आणि अधिकार. ‘देवाला दे म्हणजे दुप्पट मिळेल’ हा उपदेश तिथे रेडिओवरून दिवसरात्र ऐकू येतो. ‘प्रार्थना झाली, आता एचआयव्हीच्या गोळ्या बंद करा’ हे सांगणारेही आहेत आणि त्यावर विसंबून माणसं मरतात. केनियात शाकाहोला इथे २०२३ साली उपास करून ख्रिस्ताला भेटा अशा शिकवणीतून ४०० हून जास्त माणसं मेली. हे पाळकांना ठाऊक असतं, त्यावर बोलायचंही असतं, फक्त परक्या पाहुण्याने सुरुवातीलाच बोट दाखवलेलं चालत नाही. उतारा आधी, चर्चा मग. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर हा विषय काढला की पाळक स्वतःच बोलू लागतात.

टाळायचा विषय म्हणजे राजकारण. भूतबाधा, जादूटोणा आणि बहुपत्नीत्व यांवर निवाडे देत बसू नका. तिथल्या वडीलधाऱ्या पाळकाला बोलू द्या, तुम्ही वही काढून लिहून घ्या.

पॉवरपॉइंट न्यायचा का?

नको. वीज जाते आणि पत्र्याच्या देवळात दिवसा पडद्यावर काही दिसत नाही. फळा, खडू, जाड कागदाच्या मोठ्या शीट, मार्कर. टिपणांच्या प्रती तिथेच काढा, अक्षर १४ पॉइंटपेक्षा लहान नको. फोन चार्ज करायला चौकोनी जाड तीन पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा ॲडॅप्टर लागतो. व्होल्टेज आपल्यासारखंच.

एक वस्तू मात्र नक्की न्या: वाचायचे तयार चष्मे, +१.५ ते +३ नंबरचे, वीसेक. पन्नाशीचा ले-रीडर उतारा वाचायला उठतो, बायबल हातभर लांब धरतो, डोळे बारीक करतो आणि मग पाठ असलेलं म्हणू लागतो. त्याला वाचता येत नाही असं आपण समजतो, पण त्याला दिसत नसतं. नंबर जुळवायला फळ्यापाशी पाच मिनिटं लागतात.

बायबलं इथून ओझं करून नेऊ नका. युगांडाच्या बायबल सोसायटीकडे स्थानिक भाषेतली मिळतात.

जेवणाचा हिशेब कसा करायचा?

स्वयंपाक मंडळीतल्या बायका करतात आणि तो त्यांनाच करू द्या. मुख्य पदार्थ पोशो, म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड, आणि घेवड्याची उसळ. कुठे मातोके, म्हणजे वाफवून कुस्करलेली कच्ची केळी, आणि शेंगदाण्याची आमटी. माणशी एका जेवणाला ३०० ग्रॅम पीठ आणि १२० ग्रॅम सुका घेवडा धरा. ४० जण, पाच दिवस, दोन वेळा म्हणजे सुमारे १२० किलो पीठ आणि ५० किलो घेवडा. त्यावर तेल, मीठ, कांदे, साखर, सरपण, आणि शेवटच्या दिवशी मांस. सकाळच्या चहात साखर कमी पडली तर नाराजी लगेच कळते. पाणी वीस लिटरच्या पिवळ्या कॅनमधून येतं. हात धुवायला एक कॅन आणि साबण संडासापाशी ठेवलात की निम्मी पोटदुखी टळते.

बसभाडं आणि भत्ता द्यायचा का?

भाडं द्यायचं, बसण्याचा भत्ता नाही. हे आमंत्रणाच्या पत्रातच लिहिलेलं असावं. मोठ्या संस्था कार्यशाळेला येण्याचेही पैसे देत आल्या आहेत, त्यामुळे अपेक्षा असते आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कोणत्या गावाहून किती भाडं हे यजमान मंडळीच्या खजिनदाराने ठरवायचं, नोंदवहीत सही घेऊन शेवटच्या दिवशी दुपारी वाटायचं. पहिल्या दिवशी वाटलं तर दुसऱ्या दिवशी बाकं रिकामी दिसतात. पाहुण्याने स्वतःच्या हाताने नोटा वाटू नयेत.

चहाच्या सुट्टीत कुणी बाजूला घेऊन मुलाची फी, देवळाचे पत्रे, आजारी बायको यांबद्दल सांगेल. ते बहुतेक वेळा खरंच असतं. तरी उत्तर एकच ठेवा: ‘मी एकटा ठरवत नाही, तुमच्या आर्चडीकनसाहेबांशी बोलतो.’ आर्चडीकन म्हणजे बिशपांच्या हाताखाली अनेक पाळकांवर देखरेख करणारे वरिष्ठ पाळक. आणि खरंच बोला. गुपचूप दिलेली मदत दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला माहीत होते आणि ज्याला मिळाली नाही तो पुढच्या वेळी येत नाही.

डॉलर नेताना नव्या, कोऱ्या, शंभराच्या नोटा न्या. जुन्या किंवा लहान नोटांना भाव कमी देतात, काही ठिकाणी घेतही नाहीत.

मंडळीच्या ट्रस्टमधून खर्च करता येईल का?

सीएला विचारल्याशिवाय नाही. धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर केलेला खर्च सहसा करसवलतीत बसत नाही, आणि एफसीआरए खात्यातल्या, म्हणजे परदेशातून आलेल्या देणग्यांच्या, पैशाला तर हातच लावू नका. बहुतेक जण आपापला खर्च खाजगी खात्यातून करतात, तोच सरळ मार्ग.

शेवटी सर्टिफिकेट द्यावं का?

लोक मागतील आणि चौकटीत घालून भिंतीवर लावतील. द्या, पण त्यावर ‘पाच दिवसांच्या वर्गाला उपस्थित’ एवढंच लिहा. ‘डिप्लोमा’ हा शब्द नको, विद्यापीठासारखी मोहोर नको. शेजारच्या रवांडात २०१८ च्या कायद्याने मंडळ्यांच्या प्रमुखांना धर्मशास्त्राच्या पदवीची अट घातली, त्यामुळे अशा कागदाच्या भरवशावर राहिलेला माणूस अडचणीत येतो. ज्याला पुढे शिकायचंच आहे त्याला मान्यताप्राप्त संस्थेचा रस्ता दाखवा. मुकोनोच्या १९१३ मधल्या बिशप टकर कॉलेजमधून १९९७ मध्ये युगांडा ख्रिश्चन युनिव्हर्सिटी झाली, हे एक ठिकाण. घर न सोडता शिकण्याची विस्तार-शिक्षणाची पद्धतही आहे. ती ग्वाटेमालात १९६३ साली सुरू झाली.

बायकांना वर्गात घ्यायचं का?

हो, आणि आमंत्रणात तसं स्पष्ट लिहा. नाहीतर त्या चुलीपाशी राहतील. लहान मुलांना सांभाळायला एक बाई ठेवली आणि स्वयंपाकाची पाळी लावली तर त्या बसू शकतात. मदर्स युनियन या अँग्लिकन महिला संघटनेच्या बायका गावात पाळकांपेक्षा जास्त घरांत जातात. बुगांडात, म्हणजे लुगांडा बोलणाऱ्या मध्य युगांडात, बायका गुडघे टेकून अभिवादन करतात. त्यांना ओढून उभं करू नका, तुम्ही नुसतं वाकून उत्तर द्या.

भारतीय म्हणून आपल्याकडे कसं पाहतात?

गोऱ्याला ‘मुझुंगू’ म्हणतात, तुम्हाला ‘मुयिंडी’. या शब्दामागे दुकानदार, कारखानदार, मालक अशी प्रतिमा आहे. १९७२ साली हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला, ते जुन्या माणसांना आठवतं. भारतीय माणूस ख्रिस्ती असतो, हेच कित्येकांना नवल वाटतं. जेवणात ‘चपाती’ दिसली की परकेपणा जरा कमी होतो. ती तिथे घरोघरी आहे आणि अंड्याचं ऑम्लेट गुंडाळून ‘रोलेक्स’ नावाने रस्त्यावर विकतात.

महाराष्ट्रातून याआधी कुणी गेलं होतं का?

गेलं होतं, आणि तेही राहायला. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर इथे आश्रम चालवला होता. तिथे त्यांना सुतारकाम, लोहारकाम आणि लिहिणं-वाचणं शिकवलं जाई. तिथला जेकब वेनराइट हा मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता आणि १८७४ मध्ये लंडनला अंत्यविधीलाही हजर होता. १८७५ मध्ये मोंबासाजवळ मुक्त केलेल्या गुलामांची फ्रिअरटाउन ही वस्ती उभी राहिली तेव्हा नाशिकहून गेलेली माणसं तिथे शिक्षक आणि उपदेशक झाली. त्यांतल्या विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी दीक्षा दिली. पूर्व आफ्रिकेत त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत.

परत आल्यावर ताप आला तर?

त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि आत शिरताच सांगा, ‘युगांडाहून आलोय.’ हे न सांगितल्यामुळे व्हायरल समजून दोन-तीन दिवस पॅरासिटामॉलवर जातात, आणि फाल्सिपॅरममध्ये तेवढे दिवस हाताशी नसतात. पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी ताप असेपर्यंत १२ ते २४ तासांनी पुन्हा करायला सांगा. गोळ्या नीट घेतल्या होत्या तरीही. ही खबरदारी पहिले तीन महिने फार महत्त्वाची, पण वर्षभर लक्षात ठेवा. त्या काळात युगांडात इबोलाची साथ चालू असेल, जशी २०२२ आणि २०२५ मध्ये होती, तर दवाखान्यात जाण्याआधी फोनवर तसं कळवा.